तीन दिवसांची शिदोरी : टपालाने जाणारी पिले

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिष्यवृत्त्या, वसतिगृह, वधूवर-परिचय हे आपल्या संमेलनाचे नित्याचे विषय. ते सोडून आम्ही कोंबडीच्या पिलांवर बोलावयास उभे राहिलो, याचे आपणांपैकी कित्येकांस नवल वाटले असेल. तेव्हा प्रथम या निवडीचा खुलासा करतो. आपल्या ज्ञातीतील दोन प्रकारची कुटुंबे आज कोंबड्या पाळीत आहेत. काही कुटुंबांनी गावाकडे शेतीस जोड म्हणून हा धंदा आरंभिला आहे. तर काहींची मुले अमेरिकेत स्थायिक होऊन घरामागील अंगणात घरच्या अंड्यांपुरत्या चार-सहा कोंबड्या सांभाळीत आहेत. दोघांसही पिले दुरून आणवावी लागतात. परंतु “आमची पिले काल पोस्टाने आली,” असे अमेरिकेतील सून जेव्हा दूरध्वनीवर सांगते, तेव्हा येथील सासूबाईंस ती थट्टाच वाटते. ही थट्टा नव्हे. ती एक शंभर वर्षांहून जुनी, कायद्याने बांधलेली आणि विचार करण्याजोगी व्यवस्था आहे. तिच्यातून गावाकडील बंधूंनीही घेण्यासारखे पुष्कळ आहे, असे आमचे मत झाल्यावरूनच हा विषय आज आपणांपुढे मांडीत आहोत.

अमेरिकेत पार्सल टपालाची सेवा १ जानेवारी १९१३ रोजी सुरू झाली. देश अफाट, शेतकऱ्याची वस्ती विखुरलेली आणि दुकान कोसांवर. अशा स्थितीत टपालगाडी हीच खेड्याची बाजारपेठ झाली. त्याच सुमारास मोठी उबवणी यंत्रे निघाली आणि खुडूक कोंबडीवर अवलंबून न राहता एकाच ठिकाणी हजारो पिले काढणारी उबवणी केंद्रे उभी राहिली. पिले एका गावी आणि गिऱ्हाईक शेकडो मैलांवर, ही अडचण सोडविण्यासाठी १९१८ साली तेथील टपाल खात्याने एक दिवसाची पिले टपालाने पाठविण्यास परवानगी दिली. ती प्रथा आजही चालू आहे. वसंत ऋतूत तेथील टपाल कचेरीत गेल्यास भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पेट्यांतून चिवचिवाट ऐकू येतो.

आता कोणीही विचारील, की दाणा नाही, पाणी नाही, अशा स्थितीत एक दिवसाचा जीव इतका प्रवास करतो तरी कसा? या प्रश्नाचे उत्तर अंड्यातच आहे. कोंबडीचे अंडे उबण्यास २१ दिवस लागतात. कवच फोडून बाहेर येण्यापूर्वी अखेरच्या दोन-तीन दिवसांत उरलेला बलक पिलू आपल्या पोटात ओढून घेते. ही त्याची शिदोरी होय. तिच्यावर ते सुमारे ७२ तास, म्हणजे तीन दिवस, दाण्यापाण्यावाचून तग धरू शकते.

निसर्गाने ही सोय अर्थातच टपाल खात्यासाठी केलेली नाही. कोंबडी खुडूक बसते, तेव्हा तिच्याखालची सारी अंडी एका घटकेस फुटत नाहीत. पहिले पिलू बाहेर येते आणि शेवटचे एक-दोन दिवसांनी. मागाहून येणाऱ्या भावंडांसाठी आई जागची हलत नाही, आणि तोवर आधी आलेल्या पिलाने तिच्या पंखाखाली स्वस्थ राहावे, एवढ्यासाठी ही शिदोरी आहे. माणसाने त्या सवडीचा उपयोग प्रवासासाठी करून घेतला. मात्र शिदोरी आहे म्हणजे भूक नाही, असे कोणी समजू नये. ७२ तास ही शेवटची मर्यादा आहे. दाणापाणी जितके लवकर मिळेल, तितके पिलाच्या वाढीस हितकर असते. शिवाय शिदोरी पोटात असली, तरी आईच्या पंखाखालची ऊब काही पोटात नसते. प्रवासात पिले दगावतात ती पुष्कळदा भुकेने नव्हे, तर थंडीने, उन्हाने किंवा कोंदटपणाने.

एवढे ध्यानात घेतले, म्हणजे अमेरिकन टपाल खात्याचे नियम पाठ करण्याची गरज राहत नाही. ते आपोआप उलगडतात. पिले टपालात देताना २४ तासांहून अधिक वयाची नसावीत. ती उबवणी केंद्राच्या मूळच्या, न उघडलेल्या पेटीतच असावीत. अंडी फुटल्याचा दिवस आणि तास, ज्यास तो प्रत्यक्ष ठाऊक आहे अशा केंद्राच्या माणसाने पेटीवर लिहिलेला असावा. पेटी हवेशीर व मजबूत असावी आणि पेट्यांची थप्पी दहांपेक्षा उंच रचू नये. अंडी फुटल्यापासून ७२ तासांच्या आत पेटी मालकाच्या हाती पडेल, अशी खात्री असावी. मग तो मालक शहरात राहो वा दूरच्या खेड्यात. आणि सर्वांत मार्मिक नियम असा, की टपाल आठवड्याच्या आरंभीच टाकावे. म्हणजे वाटेत एखादी गाडी चुकली तरी पेटी रविवारी, राष्ट्रीय सुटीच्या दिवशी किंवा त्यांच्या आदल्या दिवशी दुपारी जाऊन पडणार नाही. गाडी चुकू शकते, हे नियम करणाऱ्याने आधीच गृहीत धरले आहे. आमच्या मते चांगल्या कायद्याची हीच खूण होय. या साऱ्या कलमांचे माप एकच आहे, आणि ते म्हणजे पिलाच्या पोटातील बलक.

ही मुभा कोंबडी, बदक, हंसबदक, टर्की, गिनी कोंबडी, लावे, तित्तिर, एमू इत्यादींच्या पिलांस आहे. फेझंट पक्ष्याची पिले मात्र एप्रिल ते ऑगस्ट एवढ्याच काळात पाठविता येतात. मानमोडी, म्हणजे ज्यास राणीखेत रोग म्हणतात, त्याची जिवंत विषाणूची लस दिलेली पिले टपालात घेत नाहीत. वाढलेल्या पक्ष्यांचा नियम अगदी वेगळा आहे. त्यांच्या पोटात शिदोरी नसते. म्हणून ते केवळ अतिजलद टपालाने आणि खास बनविलेल्या सुरक्षित खोक्यांतूनच पाठविता येतात. झुंजीसाठी कोंबडे पाठविणे हा तर तेथे गुन्हाच आहे. आपल्याकडेही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने कोंबड्यांच्या झुंजी लावणे निषिद्ध ठरविले आहे, हे येथे सांगून ठेवतो.

आता पेटीकडे वळू. शंभर पिलांच्या पेटीत बहुधा चार कप्पे असतात आणि प्रत्येकात २५ पिले. हा आकडा केवळ हिशेबाच्या सोयीचा नाही. पिले एकमेकांस चिकटून बसतात आणि एकमेकांची ऊब घेतात. कप्पा मोठा असेल तर ती एका कोपऱ्यात गर्दी करून तळची चिरडतात. फार थोडी असतील तर गारठतात. म्हणूनच पूर्वीपासून किमान २५ पिलांची मागणी घेण्याचा प्रघात पडला. अंगणात सहाच कोंबड्या हव्या असलेल्या शहरी गिऱ्हाइकासाठी आता काही केंद्रे उष्णता देणाऱ्या पुड्या घालून लहान पेट्या पाठवितात.

याच ठिकाणी एक अप्रिय गोष्ट सांगणे आम्हांस प्राप्त आहे. अंड्यांच्या धंद्यात तलंगांना किंमत आहे, नर पिलांना नाही. म्हणून काही केंद्रे पेटीत ऊब राहावी एवढ्याचसाठी, न मागितलेली नर पिले वरकड घालतात. गिऱ्हाइकास ती भेट वाटते. पुढे चार महिन्यांनी कोंबडे पहाटे आरवू लागतात, शेजारी तक्रार करतात आणि गावचा नियम पाहावा तर तेथे कोंबडा पाळण्यास बंदीच असते. अमेरिकेतील अनेक नगरपालिका कोंबड्यांची संख्या ठरवून देतात आणि नर कोंबड्यास मनाई करतात. म्हणून तेथील आपल्या मंडळींस आमची विनंती आहे, की मागणी नोंदविण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. पहिला नगरपालिकेस, की येथे काय चालते. दुसरा उबवणी केंद्रास, की न मागितलेले नर घालता काय आणि घालत असाल तर ते नकोत असे लिहून देता येईल काय. जो जीव आपण सांभाळू शकणार नाही, तो फुकट मिळाला तरी घेऊ नये.

तिसरा प्रश्न रोगाचा. पुलोरम नावाचा अतिसाराचा रोग अंड्यातूनच पिलात उतरतो. त्याच्या निर्मूलनासाठी अमेरिकेत १९३५ साली राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजना सुरू झाली, आणि तिच्या तपासणीस उतरलेल्या केंद्रांकडूनच पिले घेणे शहाणपणाचे ठरते. राज्याराज्यांचे प्रवेशाचे नियमही वेगवेगळे आहेत. एका राज्यातून दुसऱ्यात पिले आणताना ते पाहावे लागतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथील व्यावसायिक कळपांत बर्ड फ्लूचा शिरकाव झाल्यापासून या दक्षतेस विशेष महत्त्व आले आहे. पिले निरोगी दिसली तरी त्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. तेव्हा हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. पाच वर्षांखालील मुलांच्या हाती पिले देऊ नयेत. आणि कितीही गोजिरवाणी वाटली तरी त्यांना गालास लावू नये.

पेटी येण्यापूर्वी काय करावे, हे गृहिणींस आम्ही सांगावे असे नाही. पाहुणा येण्यापूर्वी अंथरूण घालून ठेवणे त्या जाणतातच. पिलांची ऊबदार जागा, म्हणजे ब्रुडर, आदल्या दिवशीच तापवून ठेवावी. पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९५ अंश फॅरनहाइट, उष्णता असावी. पुढे दर आठवड्यास फॅरनहाइटचे पाच अंश कमी करीत जावे. उष्णतामापक नसला तरी पिलेच सांगतात. दिव्याखाली गर्दी करून ओरडू लागली तर थंडी आहे. कडेला पांगून चोच उघडून धापा टाकू लागली तर उष्मा आहे. सर्वत्र सारखी विखरून स्वस्थ असली तर सर्व ठीक आहे. खाली भाताचे तूस किंवा लाकडाचा जाड भुसा पसरावा. गुळगुळीत कागदावर पाय घसरून पिले अधू होतात.

टपाल कचेरीत आधीच आपला दूरध्वनी क्रमांक देऊन, पेटी येताच बोलाविण्यास सांगावे आणि त्या दिवशी घरी कोणीतरी असावे. पेटी शक्य तर तेथेच, अधिकाऱ्यासमोर उघडावी. मृत पिले निघाल्यास त्यांची नोंद तेथेच झालेली बरी. घरी आणल्यावर आधी पाणी, मग दाणा, हा क्रम चुकवू नये. प्रत्येक पिलाची चोच कोमट पाण्यात हलकेच बुडवावी, म्हणजे ते पिण्यास शिकते. आपल्याकडे पहिल्या दिवशी गूळपाणी देतात, ती चाल उत्तम आहे. थकलेल्या जिवास त्याने तरतरी येते. पाण्याचे भांडे उथळ असावे, नाही तर तीन दिवसांच्या प्रवासातून तरलेले पिलू इंचभर पाण्यात बुडून मरते. मागील बाजूस विष्ठा चिकटून वाट बंद झाली असेल, तर कोमट पाण्याच्या बोळ्याने ती अलगद पुसून काढावी.

नियम असे उत्तम असताना सर्व आलबेल असते काय? नाही. ऑगस्ट २०२० मध्ये मेन राज्यातील शेतकऱ्यांकडे पाठविलेली हजारो पिले मृतावस्थेत पोहोचली. त्या राज्याच्या प्रतिनिधी चेली पिंग्री यांनी टपाल खात्यास त्याचा लेखी जाब विचारला. २०२५ साली डेलावेअर राज्यातील टपाल केंद्रात एका मालमोटारीत सुमारे १२ हजार पिले तीन दिवस पडून राहिली. त्यांतील सुमारे ४ हजार मेली, आणि उरलेल्यांस एका प्राणी-आश्रयगृहाने सांभाळून लोकांस पाळण्यासाठी दिले. दोन्ही प्रसंगी नियम छापील पुस्तकात जागच्या जागी होते. उणे पडले ते घड्याळ. पत्र तीन दिवस उशिरा पोहोचले, तर निरोप शिळा होतो. पिलांच्या पेटीस तीन दिवस उशीर झाला, तर आत निरोप घेणारेच उरत नाहीत.

अशा बातम्या वाचून, जिवंत प्राणी टपालाने पाठवूच नये, असे अनेक प्राणिमित्र म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? दुसऱ्या बाजूस लहान शेतकरी विचारतो, की टपाल बंद झाले तर मोठ्या कंपनीच्या दारी जाण्यावाचून आम्हांस गत काय? देशी, दुर्मीळ जाती सांभाळणाऱ्या लहान केंद्रांचाही हाच आधार आहे. आमचे मत असे, की ज्यास जवळच्या केंद्रातून स्वतः जाऊन पिले आणता येतात, त्याने टपालाच्या वाटेस जाऊ नये. ज्यास गत्यंतर नाही, त्याने सौम्य ऋतू, आठवड्याचा आरंभ आणि जवळात जवळचे केंद्र निवडावे. घरबसल्या मिळणाऱ्या सोयीची किंमत पिलाने भरावी, हे न्यायाचे नव्हे.

आता स्वदेशी येऊ. आपल्याकडे ही प्रथा टपालात रुजली नाही. येथे पिले रेल्वेच्या पार्सल डब्यातून, मोटारीने किंवा विमानाने जातात. परंतु पिलाचे पोट तेच आणि शिदोरीही तेवढीच. आपल्या १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत २००१ साली कोंबड्यांच्या वाहतुकीचे प्रकरण घालण्यात आले, ते वाचून पाहावे. एक दिवसाची पिले निघताच भरून रवाना करावीत, पेटीत साठवून ठेवू नयेत. ऊन, पाऊस आणि उष्मा यांपासून त्यांचा बचाव करण्याकडे पाठविणाऱ्याने जातीने लक्ष द्यावे. पेट्या सपाट धराव्यात, म्हणजे पिले पाठीवर पडणार नाहीत. आणि त्यांच्यावर वा भोवती दुसरा माल रचू नये, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. वाढलेल्या कोंबड्यांसाठी पशुवैद्याचा दाखला आणि उन्हाळ्यात दर सहा तासांस पाणी, अशी अट आहे. युरोपीय संघाच्या २००५ च्या नियमावलीतही दाण्यापाण्यावाचून होणारा पिलांचा प्रवास अंडी फुटल्यापासून ७२ तासांच्या आत संपला पाहिजे, अशी अट आहे. तीन खंडांतील कायदे भाषेने वेगळे असले, तरी एकाच बलकापाशी येऊन थांबतात.

आणि परदेशातील आप्तांकडून एखादी नामांकित जात टपालाने मागवावी, असे कोणाच्या मनात येत असेल, तर ते मनातच ठेवावे. देशादेशांतील टपालात मधमाशा, जळवा आणि रेशमाचे किडे यांस काही अटींवर मुभा आहे. कोंबडीच्या पिलांस नाही. जिवंत कोंबड्यांची आयात सरकारच्या परवानगीवाचून होत नाही. हा निर्बंध जाचक वाटला तर नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर आठवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद तेथे झाली. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या आणि कित्येक कुटुंबांची उभी केलेली मिळकत थोड्या दिवसांत मातीस मिळाली. रोगास दाखला लागत नाही. म्हणूनच पिलास लागतो.

तेव्हा गावाकडे या धंद्यात पडलेल्या तरुण बंधूंस आमचे एवढेच सांगणे आहे. पिलांचा भाव विचारण्यापूर्वी ती कोणत्या तासाला निघाली, हे विचारा. पेटीवर तो तास लिहून मागा. गाडी कोणत्या वेळी सुटते, वाटेत कोठे थांबते आणि उतरवून घेण्यास कोण उभे आहे, हे आपल्या वहीत टिपा. वैशाखात दुपारच्या गाडीने माल मागवू नका; रात्रीची गाडी धरा. एका पिलामागे चार पैसे वाचवून शेकड्यात दहा मेलेली घरी आणणे, हा हिशेबही नव्हे आणि धर्मही नव्हे. अमेरिकेतील मंडळींसही हेच सांगणे. त्यांना केवळ पेटीवरील मजकूर इंग्रजीत वाचावा लागतो, एवढाच काय तो फरक.

आपल्यापैकी काही कुटुंबे अंडे शिवतही नाहीत, तर काहींची उपजीविका अंड्यावरच चालते. परंतु परस्वाधीन केलेल्या मुक्या जिवाची काळजी वाहावी, याविषयी दोहोंत मतभेद असण्याचे कारण नाही. बंद पेटीतील पिलास दार ठोठावता येत नाही, तक्रारअर्ज करता येत नाही. त्याच्या वतीने बोलतो तो पेटीवर लिहिलेला तास. तो खरा लिहावा, लिहिल्याप्रमाणे पाळावा, आणि तो पाळला जाणार नाही असे दिसेल तेव्हा मागणीच करू नये.